डॅशबोर्ड कोणत्या भावनेसाठी घडवावा? शोरूममधल्या आनंदासाठी की घाटातल्या निश्चिंतीसाठी?

सह्यवाट (धागाकर्ते)

मोटारीच्या डॅशबोर्डची आखणी चालकाच्या भावना लक्षात घेऊन करावी, हा विचार वाहनउद्योगात आता चांगलाच रुजला आहे. मात्र कोणत्या क्षणीच्या भावना, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. शोरूममध्ये दार उघडून आत बसल्यावर जे वाटते ते वेगळे आणि जुलैच्या पावसात ताम्हिणी घाटात समोरची काच आतून धुरकट होऊ लागल्यावर जे वाटते ते वेगळे. पहिल्या भावनेवर गाडी विकली जाते, दुसरीवर आत बसलेल्या माणसांची सुरक्षितता अवलंबून असते. या दोहोंत ओढाताण झाली, तर आखणी करणाऱ्याने दुसरीच्या बाजूने उभे राहावे असे माझे ठाम मत आहे.

या विचाराला शास्त्राची बैठक प्रथम जपानमध्ये मिळाली. हिरोशिमा विद्यापीठातील मित्सुओ नागामाची यांनी १९७० च्या दशकात 'कान्सेई' (म्हणजे भावना, जाणीव) अभियांत्रिकीची पद्धत मांडली. एखादी वस्तू पाहून, हाताळून माणसाला जे वाटते ते व्यक्त करणारी विशेषणे गोळा करायची, अनेक नमुन्यांना लोकांकडून त्या विशेषणांवर गुण द्यायला लावायचे आणि वस्तूच्या कोणत्या मापामुळे किंवा आकारामुळे कोणती भावना जागी होते, हे संख्याशास्त्राने शोधून काढायचे, असे तिचे स्वरूप आहे. माझदा कंपनीने १९८९ मध्ये आणलेली दोन आसनी एमएक्स-५ ही या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत तशी गाडी आणि चालक एकजीव व्हावेत, हे सूत्र ठरवून अभियंत्यांनी त्याच्या पायऱ्या पाडल्या. आतली जागा अंगाला बेताची बसणारी असावी, हाताच्या हालचालीला गाडीने तत्काळ प्रतिसाद द्यावा, वेग अंगाला जाणवावा अशा त्या पायऱ्या होत्या आणि त्यांतूनच गिअरच्या दांड्याची लांबी साधारण साडेनऊ सेंटिमीटर ठरली. भावनेपासून सुरुवात करून सेंटिमीटरपर्यंत पोहोचण्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते, कारण तीत चालकाची भावना गाडी चालवतानाची धरली आहे, गाडीकडे नुसते पाहतानाची नव्हे.

दुसरे उदाहरण स्वीडनच्या साब या मोटार कंपनीचे. १९९० च्या दशकात साबच्या गाड्यांत रात्रीसाठी एक बटण असे. ते दाबले की डॅशबोर्डवरचे जवळजवळ सगळे दिवे मालवत आणि केवळ वेगाचा काटा उजळलेला राही, तोही ताशी १४० किलोमीटरपर्यंतच्याच आकड्यांपुरता. इंधन संपत आले किंवा इंजिन तापू लागले, तर तेवढा भाग आपोआप उजळे. अंधाऱ्या, निर्जन रस्त्यावर लांबवर जाणाऱ्या माणसाला काय हवे असते, याचा हा अत्यंत नेमका विचार आहे. डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि समोरच्या प्रखर प्रकाशाने ती क्षणात मोडते. बीएमडब्ल्यूने वर्षानुवर्षे डॅशबोर्डला नारिंगी-तांबडा प्रकाश ठेवला तोही याच कारणाने, कारण त्या रंगाने अंधाराला सरावलेली नजर कमी बिघडते. या सगळ्याच्या उलट, एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत पसरलेले पडदे आणि रंग बदलणाऱ्या दिव्यांच्या पट्ट्या रात्री चालकाच्या डोळ्यांसमोर सतत तेवत ठेवणे, ही आजची रीत आहे.

आता ताम्हिणीतल्या त्या काचेकडे पुन्हा वळतो. पावसात आतली दमट हवा थंड काचेवर बसते आणि चार-पाच श्वासांत समोरचे दिसेनासे होते. जुन्या धाटणीच्या गाडीत हात न बघता खाली जातो, एक नॉब काचेच्या चित्रापर्यंत उजवीकडे फिरतो, दुसरा पंखा वाढवतो आणि प्रत्येक खटक्यासरशी बोटांना समजते की काम झाले. नजर रस्त्यावरच राहते, म्हणून भीती वाढत नाही. हीच गोष्ट पडद्यावर असेल तर आधी हवामानाचे पान उघडावे लागते, मग योग्य चित्र शोधावे लागते, तेवढ्यात खड्ड्यात चाक आदळले तर बोट भलतीकडेच पडते. घाबरलेल्या माणसाची बोटे बारीक नेमकी कामे नीट करू शकत नाहीत, ही शरीराची साधी गोष्ट आहे. नियंत्रण हातातून निसटल्याची ती जाणीव हीच डॅशबोर्डच्या आखणीने टाळायची मुख्य भावना आहे, असे मी मानतो.

जाणकारांनी आणि रोज गाडी चालवणाऱ्यांनीही आपले मत सविस्तर मांडावे.

नादवेध

उत्तम विषय. मी ध्वनीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून दृश्याची बाजू इतरांवर सोडून आवाजाबद्दल लिहितो. डॅशबोर्ड हा पाहण्याइतकाच ऐकण्याचाही असतो आणि भावनेवर आवाजाचा परिणाम नजरेपेक्षा लवकर होतो.

इशाऱ्याचा आवाज किती तातडीचा वाटेल, हे बऱ्याच अंशी मोजता येते. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात विमानांच्या कॉकपिटमधील इशाऱ्यांवर रॉय पॅटरसन यांनी आणि त्यानंतर ज्युडी एडवर्दी यांनी केलेल्या कामातून दिसले, की ठोक्यांचा वेग वाढवला, स्वर चढा केला आणि सुरांची जुळणी बेसूर केली, की ऐकणाऱ्याला निकड अधिक जाणवते. म्हणजे सीटबेल्टची आठवण आणि समोर धडक होण्याचा इशारा यांना वेगवेगळ्या पातळीची निकड देणे पूर्णपणे आखणी करणाऱ्याच्या हातात आहे. प्रत्यक्षात अनेक गाड्यांत दोन्हींचा आवाज इतका सारखा असतो, की माणूस आधी दचकतो आणि मग कशाचा आवाज आला ते शोधण्यासाठी डॅशबोर्डकडे पाहतो. दचकणे ही भावना आणि खाली वळणारी नजर, दोन्ही नेमक्या नको त्या वेळी घडतात.

आपल्याकडचे उदाहरण वेगमर्यादेच्या बीपचे आहे. १ जुलै २०१९ पासून भारतातील नव्या मोटारींत ताशी ८० किलोमीटर ओलांडल्यावर थांबून थांबून आणि १२० ओलांडल्यावर सतत वाजणारा इशारा सक्तीचा झाला. हेतू चांगलाच आहे. परंतु मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना १०० ची आणि समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा आहे. त्यामुळे कायद्याच्या चौकटीत राहून चालवणाऱ्यालाही हा बीप वाटभर ऐकावा लागतो. सतत ऐकलेल्या इशाऱ्याचे पुढे काय होते, हे कोणत्याही अतिदक्षता विभागातील परिचारिका सांगेल. कान तो आवाज गाळू लागतो आणि त्याच सुरातला खरा धोक्याचा इशाराही गाळला जातो. काही मालक तर गॅरेजमध्ये जाऊन हा आवाज बंद करून घेतात, तेव्हा त्या तरतुदीचा उद्देशच संपतो. रस्त्याची मर्यादा ओळखून वाजणारा इशारा द्यावा, ही मागणी यासाठी करायला हवी.

एक छोटी पण गोड गोष्ट. इंडिकेटरचा टिकटिक आवाज पूर्वी रिलेच्या, म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या खटक्याच्या, यांत्रिक हालचालीचा असे. आता तो बहुतेक गाड्यांत स्पीकरमधून मुद्दाम वाजवला जातो, कारण तो नसला तर चालकाला आपण दिलेला संकेत गाडीपर्यंत पोहोचला की नाही अशी हुरहुर लागते. निश्चिंती देणारा आवाज कसा असावा, याचा हा नमुनाच आहे.

चाकणकर

मी सुट्या भागांच्या एका पुरवठादाराकडे डॅशबोर्डच्या आखणीत काम करतो. धाग्यातील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, पण पडद्याची बाजू कोणीतरी नीट मांडली पाहिजे.

पहिली गोष्ट खर्चाची. प्रत्येक बटणाला साचा, तारा, दिवा, चाचणी आणि प्रत्येक प्रकारच्या गाडीसाठी वेगळे पॅनेल लागते. पडद्यावर तेच काम सॉफ्टवेअरने होते आणि मागाहून सुधारताही येते. दुसरी गोष्ट, पडद्यामुळे काही भावना खरोखरच चांगल्या जाग्या होतात. गाडी मागे घेताना कॅमेऱ्याचे मोठे, स्पष्ट चित्र दिसल्यावर अरुंद गल्लीत नवख्या चालकाच्या मनावरचा ताण किती उतरतो, हे मी चाचण्यांत डोळ्यांनी पाहिले आहे. नकाशा पडद्यावर मोठा आणि वर असला की अनोळखी शहरात चौक जवळ येताना होणारी घालमेल कमी होते. तिसरी गोष्ट ग्राहकाची. आपल्याकडे पहिली मोटार घेणारे कुटुंब अनेक वर्षांची बचत घालते. ती गाडी उघडताक्षणी श्रीमंत, आधुनिक वाटावी ही अपेक्षा चूक कशी म्हणणार? अभिमान हीसुद्धा भावनाच आहे. महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई मध्ये एका रांगेत तीन मोठे पडदे आहेत आणि लोक ते कौतुकाने पाहतात, त्यामागे हेच आहे.

आपण सरसकट पडद्यांविरुद्ध न लिहिता कोणती कामे पडद्यावर असावीत आणि कोणती नसावीत, असा प्रश्न केला, तर आमच्यासारख्यांना त्याचा अधिक उपयोग होईल.

सह्यवाट

चाकणकर साहेब, आपण मांडलेला प्रश्न मला पटला आणि यापुढे चर्चा त्याच अंगाने व्हावी. अभिमानाबद्दल मात्र एक सांगावेसे वाटते. अभिमान साधारणतः गाडी थांबलेली असताना, घरच्यांना किंवा शेजाऱ्यांना दाखवताना वाटतो. गाडी चालू असताना त्या पडद्यांनी नम्रपणे मागे सरावे, एवढी व्यवस्था केली तरी दोन्ही भावना एका डॅशबोर्डवर सुखाने नांदू शकतात.

इझारकाठ (म्युनिक)

गेली अनेक वर्षे जर्मनीत राहत असल्याने इथे वारे कसे फिरले ते जवळून पाहता आले. फोक्सवॅगनने गोल्फच्या आठव्या पिढीत आणि आयडी.३ मध्ये तापमान व आवाजासाठी बोट सरकवायच्या पट्ट्या दिल्या. सुरुवातीला त्यांना रात्री दिवाही नव्हता. ग्राहकांचा रोष इतका वाढला, की कंपनीच्या प्रमुखांनी यामुळे नुकसान झाल्याचे जाहीरपणे मान्य केले आणि २०२५ मध्ये आखणी विभागाच्या प्रमुखांनी आवाज, दोन्ही बाजूंचे तापमान, पंखा आणि धोक्याचे दिवे यांना पुन्हा खरी बटणे देण्याचे सांगितले. गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनेही २०२६ पासूनच्या गुणांकनात इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीची हाक यांसाठी स्पष्ट, हाताला लागणारी नियंत्रणे असण्याला गुण ठेवले आहेत. चाकणकरांच्या प्रश्नाचे निदान किमान उत्तर या यादीत आहे.

आकडेच हवे असतील, तर स्वीडनच्या 'वी बिलेगारे' या नियतकालिकाने २०२२ मध्ये घेतलेली चाचणी पाहावी. धावपट्टीवर ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालवत काच तापवणे, रेडिओ ठरावीक केंद्रावर लावणे, दिव्यांचा उजेड कमी करणे अशी चार कामे करायची होती आणि चालकांना आधी गाडीची ओळख करून घेण्यास वेळही दिला होता. २००५ सालच्या व्होल्वो व्ही७० मध्ये ही कामे १० सेकंदांत झाली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर पुढे गेली. सर्वांत मागे राहिलेल्या, पडद्यावर अवलंबून असलेल्या नव्या गाडीत त्याच कामांना ४४.९ सेकंद लागले आणि गाडी १,३७२ मीटर गेली.

माझदाने २०१९ च्या माझदा ३ मध्ये चालत्या गाडीतला स्पर्शपडदा काढून टाकून आसनांमध्ये फिरवायचा नॉब दिला, त्याचे कारणही वाचण्यासारखे आहे. पडद्याकडे हात लांब करताना चालक नकळत स्टिअरिंगला थोडा पीळ देतो आणि गाडी आपल्या रांगेतून सरकते, असे त्यांच्या अभ्यासात दिसले होते. धाग्यात उल्लेखलेल्या 'घोडा आणि स्वार' सूत्राशी कंपनी तेव्हा, तीस वर्षांनंतरही इमान राखून होती, याचे मला कौतुक वाटते.

मुक्ता_नाशिक

सर्व प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत. डॅशबोर्डवरच्या गणपतीबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. आपल्याकडे नव्या गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबू चिरडले, की घरातील वडीलधारी माणसे सर्वांत आधी डॅशबोर्डवर मूर्ती कुठे बसवायची ते पाहतात. माझ्या सासूबाई घाट लागला की त्या मूर्तीकडे एकदा पाहून हात जोडतात आणि मग निवांत डोळे मिटतात. चालकाच्या मनालाही त्या छोट्या मूर्तीने बळ मिळते, हे मी स्वतः अनुभवते. डॅशबोर्ड भावनेसाठी घडवायचा असेल, तर आपल्याकडची ही भावना सर्वांत जुनी आणि सर्वांत व्यापक आहे.

नव्या गाड्यांत वरचा भाग उतरता आणि वळणदार झाला आहे, सपाट जागा उरलेली नाही. मग लोक दुहेरी चिकटपट्टीने मूर्ती जिथे जागा दिसेल तिथे चिकटवतात आणि अनेकदा ती जागा नेमकी डाव्या आसनासमोरच्या एअरबॅगच्या झाकणावर असते. धडकेच्या वेळी ती पिशवी सेकंदाच्या तीसाव्या-चाळीसाव्या हिश्श्यात फुगते आणि झाकणावर जे असेल ते समोर बसलेल्याच्या तोंडावर फेकले जाते. पितळेची किंवा दगडाची मूर्ती असेल तर काय होईल, याची कल्पनाही करवत नाही. चाकणकर, एअरबॅगपासून दूर, मधोमध, नजरेच्या रेषेखाली, सुपारीएवढी सपाट आणि पक्की जागा मुळातच दिली, तर किती घरांना बरे वाटेल! मूर्ती लावू नका असे पुस्तिकेत छापण्यापेक्षा तिला सुरक्षित जागा देणे अधिक माणुसकीचे आहे.

रंगाबद्दलही एक. अनेकांना फिकट रंगाचा डॅशबोर्ड मोकळा, हवेशीर वाटतो म्हणून आवडतो. पण वरचा भाग फिकट असेल, तर भर दुपारी त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडते आणि रस्ता पुसट दिसतो. वरचा भाग गडद आणि खालचा फिकट ठेवण्याची पद्धत यासाठीच योग्य आहे.

चाकणकर

मुक्ताताई, ही सूचना मी कार्यालयात मांडणार आहे. खरेच सांगतो, आमच्या आराखड्यात फोन, चष्मा, पाण्याची बाटली यांच्या जागा मिलिमीटरपर्यंत ठरवलेल्या असतात, मूर्तीची कधीच नसते.

विजेरी_वाट

विजेवर चालणाऱ्या गाडीत डॅशबोर्डवरचा सर्वांत भावनिक आकडा म्हणजे उरलेले अंतर. पुण्याहून मुंबईला जाताना बोरघाट उतरणीचा असल्याने बॅटरीत थोडी वीज परत येते आणि आकडा टिकून राहतो. परतीच्या वाटेवर तोच घाट चढताना आकडा अंतरापेक्षा झपाट्याने घसरतो आणि मागे मुले बसलेली असतील तर छातीत धस्स होते. गाडीत बिघाड काहीच नसतो. चढणीला जास्त वीज लागणारच. भीती जन्मते ती एकाच ठाम आकड्यातून, जो दर मिनिटाला आपला शब्द फिरवतो.

२०१७ च्या शेव्हरोले बोल्टमध्ये अंदाजासोबत जास्तीत जास्त आणि कमीत कमी किती अंतर कापता येईल, असे तीन आकडे दाखवले जात. चालवण्याच्या पद्धतीनुसार अंदाज कोणत्या टोकाकडे सरकतो आहे तेही कळे. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते, कारण अनिश्चितता लपवण्याऐवजी ती तिच्या मर्यादांसह समोर ठेवते. याउलट निसान लीफमध्ये बॅटरी अगदी तळाला गेली की आकडा नाहीसा होऊन नुसत्या आडव्या रेघा उरत. माणसाला माहितीची सर्वाधिक गरज असते त्याच वेळी ती काढून घेतली, तर घाबरगुंडी उडणे अटळ आहे.

भावनेचा चांगला वापरही झाला आहे. फोर्डच्या २०१० सालच्या फ्यूजन हायब्रिडमध्ये इंधन वाचवून चालवले, की पडद्यावर वेलीला पाने फुटत. लोक ती पाने जपण्यासाठी पाय हलका ठेवत. दंडापेक्षा असे हळुवार प्रोत्साहन माणूस अधिक काळ स्वीकारतो.

मनोमय

मी मानसशास्त्र शिकवते. आतापर्यंतची चर्चा सर्व चालकांना समान लागू होणाऱ्या आखणीबद्दल झाली. आता गाडीने त्या क्षणीची भावना ओळखून स्वतः बदलावे का, हा प्रश्न आहे आणि तो कल्पनेतला राहिलेला नाही.

जेनिफर हीली आणि एमआयटीच्या रोझलिंड पिकार्ड यांनी बोस्टनच्या रस्त्यांवर चालकांच्या हृदयाची गती, त्वचेची विद्युतवाहकता, श्वास आणि स्नायूंचा ताण नोंदवून, विश्रांती, महामार्ग आणि शहरातील गर्दी यांतले ताणाचे स्तर वेगळे ओळखता येतात हे दाखवले. ते काम २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या क्लिफर्ड नास यांच्या गटाचा प्रयोग प्रसिद्ध झाला, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी काही चालकांना आनंदी आणि काहींना उद्विग्न मनःस्थितीत आणून, आभासी गाडी चालवायला दिली. गाडी कधी उत्साही आवाजात बोले, कधी मंद, शांत आवाजात. शब्द तेच. आनंदी चालकांनी उत्साही आवाजासोबत कमी अपघात केले आणि उद्विग्न चालकांनी मंद आवाजासोबत. दुःखी माणसाला उल्हासाने बोलून सावरता येईल ही समजूत तिथे खोटी ठरली. सर्वांना सदैव प्रसन्न करू पाहणाऱ्या डॅशबोर्डबद्दल म्हणूनच मला शंका आहे. माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिचा आदर करणारी, तिच्यात भर न घालणारी गाडी अधिक सुरक्षित असते.

धोका दुसऱ्या बाजूला आहे. चेहऱ्यावरच्या हालचालींवरून भावना ओळखण्याचा दावा शास्त्रीयदृष्ट्या अजून वादग्रस्त आहे. पेंग येत आहे का, नजर रस्त्यावर आहे का, हे कॅमेऱ्याने ओळखणे त्या मानाने भक्कम आहे आणि जीव वाचवणारे आहे. पण माझा राग, माझे रडणे यांची नोंद गाडीबाहेर जाऊन विमा कंपनीच्या किंवा ट्रकचालकाच्या बाबतीत मालकाच्या हाती पडणार असेल, तर ते मला मुळीच मान्य नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात कामाच्या ठिकाणी भावना ओळखण्यावर, वैद्यकीय आणि सुरक्षिततेची कारणे वगळून, बंदी घातली. आपल्याकडे वाहतूक व्यवसायातील चालकांसाठी अशी स्पष्ट रेषा आखली जावी. हे सर्व संकलन गाडीतच व्हावे आणि प्रवास संपताच पुसले जावे.

रानपाखरू

धागा वाचून खूप शिकले. आम्ही दिवाळीपर्यंत गाडी घेणार आहोत. टेस्ट ड्राइव्ह घेताना नेमके काय पाहावे, हे कोणी सांगू शकेल का?

सह्यवाट

शक्य असेल तर अंधार पडल्यावर वेळ मागा आणि पडद्याचा उजेड सर्वांत कमी करून पाहा, तोही डोळ्यांना टोचत असेल तर तसे स्पष्ट सांगा. गाडी उभी असताना डोळे मिटून काचेवरचे धुके घालवणे, वायपरचा वेग वाढवणे, धोक्याचे दिवे लावणे आणि आवाज कमी करणे, ही चार कामे हाताला सापडतात का ते तपासा. सीटबेल्ट न लावता गाडी सुरू करून इशारा ऐका आणि विक्रेत्याला धडकेच्या इशाऱ्याचा आवाजही ऐकवायला सांगा, दोन्ही वेगळे ओळखू आले पाहिजेत. वेगमर्यादेचा बीप ८० नंतर कसा वाजतो तेही परवानगी असलेल्या रस्त्यावर ऐका, कारण तो कायद्याने सक्तीचा असल्याने रीतसर बंद करता येणार नाही. आणि घरातील जी व्यक्ती गाडी सर्वांत कमी चालवते, तिलाही चालकाच्या आसनावर बसवून हीच कामे करायला सांगा. तिला जिथे अडखळायला होईल, ते गाडी घेण्यापूर्वीच कळलेले बरे.